सोपानच्या पोटाची चरबी

चहा घ्या, तोवर सोपानचं सांगतो. सातपूरच्या कारखान्यात आम्ही जोडीला होतो. त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून मी कामाला जायचो. त्याचं पोट एवढं सुटलं, की जिना चढताना धाप लागायची. त्याच्या बायकोच्या, शांतावहिनींच्या जिवाला घोर. मुंबईत नळीनं चरबी ओढून काढतात असं ऐकून दोघं डॉक्टरकडे गेले.

डॉक्टर म्हणाले, "चिमटीत येते ती कातडीखालची चरबी. ती नळीनं निघते. तुमची आत, आतड्याभोवती बसलीय. तिथं नळी चालत नाही. रोज चाला."

"चालायला कुणाला वेळ हाय?" सोपान म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरूच होईना. वहिनी दारात उभ्या. एका हातात रबरी नळी, दुसऱ्यात पेट्रोलचा डबा.

"डॉक्टरची नळी चालत नसंल, माझी चालली. निघा पायी!"

त्या दिवसापासून आम्ही दोघंही पायीच कामाला. सोपान बारीक झाला. पण मी तर आधीच काडी होतो हो!