दहापैकी चार

अमरावतीच्या स्टँडवर साधना भातकुलीच्या बसची वाट पाहत होती. शेजारी कुलसुमबी मैत्रिणीला, रुख्मिणीबाईंना, सांगत होत्या.

“कपाशी बुडाली तवापासून आमचा बचत गट शेवया करते. दर शुक्रवारी शेवयांच्या बिनानावाच्या ताटल्या मांडून, चाखून आमी एकमेकींले दहापैकी गुण देतो. मले चारच भेटले.”

“तुमी तं अध्यक्ष.”

“फळ्यावर मीच लिहिले चार. सून नाजिया नऊवर होती. तिच्याजवळ बसून मी पुन्हा पीठ मळाले शिकली. काल सात आले.”

“लाज नाही वाटली, आपा?”

“कायची? चार लपवले असते तं सात कुठून येते?”

साधनानं आपल्या लोणच्याच्या गटाचा गुणांचा तक्ता काढला. अध्यक्ष म्हणून तिच्या नावापुढं बारा आठवडे दहाच होते.

“चाची, आमचं लोणचं चाखाले भातकुलीले येता का?”