चाळलेली राख

लेक: नाही बाबा, मोजण्यात चूक नाही. दोनदा आम्ही मोजलं, तिसऱ्यांदा दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेकडून मोजून घेतलं.

बाप: मग अंड्यांची अदलाबदल झाली असेल. शेजारच्या वहिनींच्या कोंबड्यांची अंडी आणि त्यात विष? अगं, ती बाई पोटच्या पोरींसारखं वाढवते त्यांना. पिंजरा नाही, बाजारचा दाणा नाही. दिवसभर परसात मोकळ्या.

लेक: तिथंच तर गोम आहे. मोकळी कोंबडी दिवसभर माती उकरते, टिपते. मातीत जे असेल ते तिच्या चरबीत जातं, आणि तिथून अंड्याच्या बलकात.

बाप: आणि मातीत कुठून आलं?

लेक: ते विचारायलाच आलेय.

बाप: मला? भट्टी सोडून मला सहा वर्षं झाली. आता माझा आणि मातीचा संबंध कुंड्यांपुरता.

लेक: दोन महिन्यांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेनं वस्तीची पाहणी केली ना, तेव्हा काकूंच्या परसात कोंबड्या लोळतात तो खड्डा मी बघितला. वर माती आणि खाली चार बोटं राखाडी थर. पिठासारखा मऊ. चिमटीत घेतला आणि कळलं कुणाच्या हातचा आहे ते.

बाप: राखेवर काय नाव लिहिलेलं असतं?

लेक: एक खडा नव्हता त्यात, बाबा. एवढी बारीक राख आपल्या वस्तीत एकच माणूस चाळायचा.

बाप: हो, मीच. मग? चोरी केली का मी? सत्तावीस वर्षं कचराभट्टी सांभाळली, माझ्या पाळीत एकदा विझली नाही. दवाखान्यांचा कचरा, बाजाराचा कचरा, सगळा या डोळ्यांसमोरून गेला. ती भिंतीवरची ढाल बघ. 'उत्तम भट्टीवाला.' उगाच नाही देत कुणी.

लेक: माहीत आहे.

बाप: आगीतून गेलं की सगळं शुद्ध होतं, हे शेंबडं पोरही सांगेल. पट्ट्या, पिशव्या, सलाईनच्या नळ्या. आत टाकताना नाक धरावं लागायचं आणि निघायची नुसती राख. रोग जळाला, घाण जळाली. चांगली वस्तू खड्ड्यात का पुरायची? सुट्टीच्या दिवशी हातगाडी भरायचो आणि ज्याला हवी त्याला द्यायचो. चिखलाच्या वाटेवर टाका, भाजीच्या वाफ्यात टाका, कोंबड्यांना लोळायला टाका, पिसवा जातात. एक कप चहापलीकडे कुणाचं काही घेतलं नाही.

लेक: घाण जळते, बाबा. पण धूर निवताना एक नवीन गोष्ट तयार होते. डायॉक्सिन म्हणतात तिला. नळ्यांसारखं प्लास्टिक जळलं आणि आग पुरेशी तापलेली नसली, की ती जास्त होते. मग धुरातल्या बारीक कणांना चिकटून बसते.

बाप: पुरेशी म्हणजे किती?

लेक: साडेआठशे अंशांच्या वर. सतत.

बाप: काटा साडेपाचशेवर असायचा. कधी त्याच्याही खाली.

लेक: का?

बाप: तेल वाचवायचं म्हणून दुसरा बर्नर बंद ठेवायचा हुकूम. मी दोनदा तक्रार केली. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा साहेब म्हणाले, कचरा जळतोय ना? मग तुझं काय जळतंय? त्यानंतर गेलो नाही. नोकरी होती, तू शाळेत होतीस.

लेक: हे तुम्ही कधी सांगितलं नव्हतं.

बाप: सांगण्यासारखं काय होतं त्यात? पण एक ध्यानात घे. मी खालची जाडी राख कुणालाच दिली नाही. तिच्यात सुया असायच्या, काचा असायच्या. मी धुराड्याच्या पोटातली काढायचो, वरची, एकदम बारीक. तीसुद्धा दोनदा चाळून.

लेक: बाबा.

बाप: काय?

लेक: तीच सगळ्यात वाईट. जितकी बारीक तितकी वाईट.

बाप: ती चाळणी कुठे असेल गं?

लेक: माळ्यावर असेल. कशाला हवी आहे?

बाप: काही नाही. असू दे तिथंच. काय होतं यानं माणसाला?

लेक: एका दिवसात काहीच होत नाही, म्हणून तर कुणाच्या लक्षात येत नाही. शरीरातल्या चरबीत जाऊन बसतं. त्यातलं निम्मं बाहेर पडायला सात-आठ वर्षं लागतात, आणि आपण रोज थोडी थोडी भर घालत असतो. वर्षानुवर्षं चाललं की शरीरातल्या ग्रंथींचं काम बिघडतं, आजाराशी झुंजायची ताकद कमी होते, कॅन्सरचा धोका वाढतो. पोटातल्या बाळाला सगळ्यात जास्त जपावं लागतं.

बाप: तुझी आई गेली, ती यानंच...

लेक: ते कुणीच सांगू शकत नाही, बाबा. मीही नाही. कळलं असतं तर तुमच्यापासून लपवलं नसतं.

बाप: बरं. आता पुढे काय?

लेक: उद्या सकाळी शाळेत सभा आहे. भट्टीचे अधिकारी लिहून देणार आहेत की राख फाटकाबाहेर कधी गेलीच नाही, सगळी कुंपणाच्या आत पुरली. त्यांचं म्हणणं, वस्तीतल्या बायकांनी परसात प्लास्टिक जाळलं, त्याचं हे फळ.

बाप: आणि तुझा अहवाल काय म्हणतो?

लेक: माती आणि अंडी दोन्ही भट्टीकडे बोट दाखवतात. पण एक ओळ रिकामी आहे. राख वस्तीत कुणी आणली. प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या, 'एक जुना कामगार' एवढं लिही, पुरे आहे.

बाप: तुझ्या मॅडमना ठाऊक आहे, तो जुना कामगार कोण ते?

लेक: मीच सांगितलं त्यांना, माझे वडील आहेत म्हणून. त्यावरच तर त्यांनी सगळे आकडे दुसऱ्या प्रयोगशाळेकडून तपासून घेतले.

बाप: म्हणजे तू आधीच सांगून मोकळी झालीस.

लेक: हो.

बाप: मला न विचारता.

लेक: हो.

बाप: चांगलं केलंस. विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं बहुतेक.

(दार वाजतं. शेजारीण वाडगाभर अंडी घेऊन आत येते.)

शेजारीण: अगबाई, आमच्या शास्त्रज्ञबाई आल्यात वाटतं. बरी सापडलीस. माझी डझनभर अंडी घेऊन गेलीस ती गेलीसच. लागला का निकाल? माझ्या कोंबड्यांचा पहिला नंबर आला की नाही?

लेक: आला, काकू.

शेजारीण: बघा, मी सुनेला म्हणतच होते. सातवा महिना लागलाय तिला. रोज दोन अंडी देते, पहिल्या महिन्यापासून. सोन्यासारखा बलक असतो. भाऊजी, ही वाडगाभर तुमच्यासाठी आणलीत.

लेक: काकू, आधी बसा. मला तुम्हाला...

बाप: थांब, तू नको. हे माझं आहे, मी सांगतो. वहिनी, आजपासून सुनेला ती अंडी द्यायची नाहीत. कुणालाच द्यायची नाहीत. त्यांत विष आहे.

शेजारीण: माझ्या अंड्यांत?

बाप: मी दिलेल्या राखेतून गेलंय.

शेजारीण: कुठली राख?

बाप: तुमच्या परसातली. अकरा गाड्या टाकल्यात मी तिथं. शेवटची तुमच्या मुलाच्या लग्नाआधी, पाहुण्यांच्या पायाला चिखल लागू नये म्हणून.

शेजारीण: ती तर मीच मागून घेतली होती.

बाप: तुम्ही मागितलीत, पण चांगली आहे असं मी सांगितलं होतं.

शेजारीण: भाऊजी, मी घरोघर सांगत फिरले होते. भट्टीवाल्या भाऊजींची राख टाका, औषधाला पिसू उरायची नाही. माझ्या शब्दावर चार घरांनी घेतली. आता मी माझ्या सुनेला काय सांगू? सात महिने, रोज दोन. नको म्हणायची तर मी समोर बसून खायला लावायचे.

लेक: उद्यापासून डॉक्टर तिला तपासतील, सगळ्या वस्तीसाठी मी बोलून ठेवलंय. अंडी थांबली की नवीन विष जाणं थांबेल, आणि सगळ्यात मोठं काम तेच आहे. घाबरून तिनं बाकीचं खाणंपिणं सोडायचं नाही. बाळाला अंगावर पाजायचंही सोडायचं नाही. त्या दुधाचा फायदाच मोठा आहे, डॉक्टरही तेच सांगतात.

शेजारीण: बाळाला काही होणार नाही, एवढं म्हण.

लेक: तसा शब्द मला देता येत नाही, काकू. काळजी घेता येईल, आणि ती मी स्वतः लक्ष घालून घेईन.

शेजारीण: खोटं तरी बोलायचंस.

बाप: तिला येत नाही ते.

शेजारीण: आणि कोंबड्या? त्यांचं काय?

लेक: त्यांना चांगल्या मातीवर, आडोशाला ठेवू. काही महिन्यांनी अंडी पुन्हा तपासू.

शेजारीण: जन्मभर मोकळ्या फिरल्या, आता कोंडायच्या. आणि उद्या सभेत साहेब काय म्हणणार ते मला कळलंय. बायकांनी प्लास्टिक जाळलं, हो ना? आणि सगळ्यात आधी माझ्याकडे बोट, पहिला नंबर माझाच ना.

बाप: म्हणू दे त्यांना. ते बसले की मी उभा राहीन. ही ढाल बरोबर नेईन आणि त्यांच्या टेबलावर ठेवीन. म्हणेन, ज्याला तुम्ही उत्तम भट्टीवाला म्हणालात तोच सांगतोय. राख मी नेली, भर दुपारी, फाटकातून, आणि तुमचाच पहारेकरी फाटक उघडून द्यायचा. काटा किती असायचा तेही सांगेन.

शेजारीण: लोक तुम्हालाच बोलतील.

बाप: बोलतील. भट्टीवाल्यानं वस्ती नासवली म्हणतील. ऐकून घ्यायला पाहिजे ते.

शेजारीण: भाऊजी, उद्या मी तुमच्या शेजारी बसणार नाही. आत्ता तरी जमायचं नाही मला. मी समोर बसेन. बोलताना माझ्याकडे बघून बोला.

बाप: बघीन.

लेक: ती अंडी माझ्याकडे द्या, काकू. तपासणीला लागतील.

शेजारीण: घे. वाडगा तेवढा परत आण. येते मी. सुनेनं संध्याकाळची दोन उकडायला ठेवली असतील.

लेक: गेल्या. मागचं दारही लावलं नाही त्यांनी.

बाप: राहू दे. तू वही काढ.

लेक: आत्ता?

बाप: ओळ भरायला नुसतं माझं नाव काय कामाचं? गाडी कुठल्या कुठल्या दारात नेली ते लिही.

लेक: सगळं आठवेल तुम्हाला? नाहीतर आम्हाला चारशे घरांची माती खणावी लागेल. दीड वर्ष जाईल त्यात, आणि तोवर लोक खातच राहतील.

बाप: मी काय टाकलं आणि कुठं टाकलं हे मी विसरत नाही. वरची ओळ सोड, दुसरीपासून लिही. शिंप्याच्या घरामागची पायवाट, तीन गाड्या. सायकलवाल्याच्या भोपळ्याचा वेल, एक. दाईच्या अंगणात चार, तिच्याकडे बाळंतिणी यायच्या म्हणून जास्त चाळून दिली होती.

लेक: हळू, बाबा.

बाप: शाळेच्या पायरीपुढचा खड्डा, दोन. पुढे त्यावर सिमेंट पडलं, तरी लिही. पोस्टमनचं परस. त्याच्यापलीकडे बहिरी आजी राहायची, तिचा मुळ्याचा वाफा. मग वहिनींच्या अकरा. आणि त्यांच्या शब्दावर घेतली ती चार घरं.

लेक: ती कुठली?

बाप: सांगतो. पण ती लिहिताना वहिनींचा उल्लेख नको. राख माझी होती.

लेक: बरं.

(बाप ती चार घरं आणि आणखी आठ दारं सांगतो, लेक लिहून घेते.)

बाप: तू मागे मागे यायचीस, आठवतं? चाळणी डोक्यावर घालून.

लेक: चाळायला तुम्हीच तर शिकवलं. आपटायचं नाही, गोल फिरवायचं. प्रयोगशाळेत माती चाळताना मी नव्या मुलींना तेच सांगते. त्या विचारतात, कुठे शिकलात.

बाप: काय सांगतेस?

लेक: सांगते, माझे वडील भट्टीवाले होते.

बाप: उद्यानंतरही सांगशील?

लेक: उद्यानंतर जास्त सांगेन. इथं येताना मला भीती होती तुम्ही नाही म्हणाल याची. लाज कधीच नव्हती, आणि आज तर मला तुमचा फार अभिमान वाटतोय, बाबा.

बाप: मला वाटायचं, आयुष्यात मी एकच गोष्ट नीट केली, ती भट्टी. तीच अशी निघाली. पण तू चाळणी नीट धरायला शिकलीस. तेवढं तरी माझ्या हातून बरं झालं म्हणायचं. किती घरं झाली?

लेक: एकोणीस. वरची ओळ राहिली.

बाप: पहिली गाडी परक्याच्या दारात कशी नेईन मी? तू रांगत होतीस तेव्हा. गुडघे सोलवटतील म्हणून अंगणभर पसरली होती, सगळ्यात मऊ, तीनदा चाळलेली. लिही. आपलं घर.

लेक: अहवालात लिहिलेलंच आहे, बाबा. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी पहिली माती आपल्याच अंगणातली उचलली. तुम्ही आत झोपला होतात.