सुतळी बांधलेलं पुस्तक

(शेणव्याच्या पुढल्या पाड्यावरची शाळा. सुटून अर्धा तास झालाय. पहिली-दुसरीला मिळून एकच खोली, दोन सतरंज्या.)

अक्षदाबाई : बघा, परत तिथंच. सगळी पोरं घरी गेली, ही पहिलीच्या सतरंजीवरून हलत नाही.

हौसा : आज चार येळा उठवलीत तुमी. मी टोपं घासता घासता मोजलं. चार येळा दुसरीत नेली, चार येळा परत आली.

अक्षदाबाई : पाचव्यांदा उठवायला अंगात जोर नाही, हौसाताई. पहिलीची अकरा नवी पोरं, त्यातली तीन सकाळपासून रडतायत. वर दुसरीची आठ...

हौसा : सात. आठ पटावर. सतरंजीवर सात.

अक्षदाबाई : तुम्ही खिचडी शिजवा हो. हजेरी मी घेते.

हौसा : तांदूळ मोजून टाकते म्हनून तर हजेरी ठाव असते मला.

अक्षदाबाई : मग बहिणीच्या पोरीला तुम्हीच समजवा. तुमच्या घरी राहते, तुमच्या हातचं खाते.

हौसा : समजवून दमले. तिचा बाप पन दमला. चंदर बोलला, नागपंचमीपर्यंत दुसरीत बसली तर ऱ्हाऊंदे तुझ्याकडं. नायतर दिवाळी झाली का परत वीटभट्टीवर नेतो, धाकट्याला सांभाळायला. जागची हलत नाय तिला शाळा काय करायची, बोलतो.

अक्षदाबाई : म्हणजे तीन आठवडे राहिले.

हौसा : त्यातनं रविवार वजा करा.

अक्षदाबाई : आणि पोरगी काही मठ्ठ नाही हो. भट्टीवर जाईपर्यंत वर्गात सगळ्यांच्या पुढे होती. कुणाली, इकडे ये. दुसरीत कोणी चिडवतं का? प्रणय?

कुणाली : नाय.

अक्षदाबाई : खिडकीजवळ बसायचंय?

कुणाली : नाय.

अक्षदाबाई : मग करू तरी काय गं? माझी आसनगावची जीप जाईल आता.

हौसा : बाईंना नाय नाय काय करतेस गो? भाकरी खाताना तोंड बरं उघडतं!

कुणाली : माझी पयली झाली नाय.

अक्षदाबाई : झाली, राणी. मीच लिहिलंय निकालपत्रावर. सगळी गेली दुसरीत, तूही गेलीस.

कुणाली : मी भट्टीवर होती.

अक्षदाबाई : हो, पण... दप्तर एवढं पोटाशी काय धरलंयस? दाखव. अगं, हे तर पहिलीचं पुस्तक. आणि पुढच्या पानांभोवती ही सुतळी कसली?

हौसा : ही माझ्या तांदळाच्या पोत्याची! तुमीच मागितलेली, बाई. भट्टीचा ट्रक शाळेपुढं उभा होता, ही दाराला धरून रडत होती, तेव्हा.

अक्षदाबाई : मी मागितली?

कुणाली : तुमी बोल्लेलात, इथपर्यंत झालं. बाकीचं आलीस का शिकवीन. तवर सोडू नको.

अक्षदाबाई : आणि तू सोडलं नाहीस? सहा महिने?

कुणाली : धाकट्यानं एकदा दातांनी ओढली. सुटली नाय.

हौसा : घ्या. शाळा उघडल्यापासनं पोरगी तुमची वाट बघतेय, आनि आपन तिला उठवतोय.

अक्षदाबाई : रडायची थांबावी म्हणून बोलले होते हो मी. ट्रक सुटत होता.

हौसा : तिनं ते खरं धरलं. बाई, जीपवाला हॉर्न देतोय.

अक्षदाबाई : जाऊ दे त्याला. साडेसहाला आहे अजून एक.

हौसा : मंग चुलीवर च्या टाकते. आनि उद्याची जीप?

अक्षदाबाई : पुस्तक उरलंय किती, ते तर बघू आधी. आण गं इकडे. बस अशी माझ्याजवळ... सुटत नाहीये. केवढी घट्ट गाठ! कोणी मारली गं?

कुणाली : तुमी.