आधी कॉफी घ्या, अबू हमूद

नाही हो, पायऱ्यांचं मनावर घेऊ नका, अबू हमूद — ब्याऐंशी म्हणजे काही फार नाहीत, अन् आमच्या सल्तमध्ये पायऱ्यांशिवायचं घर असतं कुठे? माझे गुडघे बघा, बासष्टावं चालू आहे, गॅसचं सिलिंडर सोडलं तर सगळं मीच वर आणते. कॉफी घ्या ना. वेलदोडा जास्त झालाय का? नाही? मग घ्या. बोलते मी, तुम्ही ऐका नुसतं. भिंती दगडी, हातभर जाड, उन्हाळ्यात पंखा लागत नाही. हिवाळ्यात — हिवाळ्यात ओल येते, आता खोटं कशाला बोलू, त्या कपाटामागे येते. बघा, माझं तोंडच असं. घर विकायला बसले अन् ओल दाखवते.

तीन वर्षं झाली पाटी लावून. दलाल म्हणतो, बाजार झोपलाय, लोकांना अम्मानच्या बाजूला लिफ्टवालं नवं घर पाहिजे. येतात, फोटो काढतात, माशाल्लाह म्हणतात, जातात ते गेलेच. तुम्ही तर खोल्यासुद्धा बघितल्या नाहीत, सरळ येऊन बसलात — अन् कप खाली ठेवलात, ओठाला न लावता. मला दिसत नाही असं नाही. पाहुण्यानं कॉफी न पिता ठेवली म्हणजे त्याचं काही मागणं आहे, अन् ते मान्य होईपर्यंत तो पिणार नाही, एवढं मला कुणी शिकवायला नको. थांबा, मागू नका अजून. एकदा मागितलंत की मला नाही म्हणता यायचं नाही, म्हणून तर मघापासून माझी टकळी चालू आहे.

गेल्या वर्षी करकहून एक जण आला होता. बायको खूश, पोरं गच्चीवर धावतायत. त्यानंही असाच कप ठेवला — पाच हजार दिनार कमी करा. मी म्हटलं, प्यायची तर प्या, नाहीतर थंड होईल. घरी आलेल्या पाहुण्याला असं बोलले मी. उठून गेला तो, अन् त्यानंतर भाव करायला कुत्रंसुद्धा फिरकलं नाही इकडे. माज नडला, दुसरं काय.

माझी रीमा, एकुलती लेक, इर्बिदला दिलीय. दोन नातू आहेत. तिच्या गल्लीत दोन खोल्या घ्यायच्या, बस्स. इथे काय आहे मला? खाली मी, वर नणंद — फदवा. नवरा घर माझ्या नावावर करून गेला अन् बहीण गळ्यात बांधून गेला. विकणार म्हटल्यापासून अबोला — तीन वर्षं, एका छपराखाली. वरच्या पावलांवरून मला कळतं, आता वजूचे हातपाय धुऊन झाले, आता नमाज, आता खिडकीशी बसली. जिन्यात ताट ठेवते मी, धुऊन परत येतं. बोलायला माणूस नाही हो मला. जीव गुदमरतो इथे. तिचा भाचा आहे झरकाला, तो नेईल तिला — नेईल म्हणजे, विचारलं नाहीये मी अजून त्याला.

जाऊ द्या ते. गेल्या वर्षीची चूक मी परत करणार नाही. प्या. जे मागाल ते दिलं — पाच कमी, सात कमी, असेल ते. अल्लाला साक्षी ठेवून दिलं. प्या आता.

हां, असं. बरी झालीय ना? आता सांगा, किती कमी करू?

काय म्हणालात?

फदवानं पाठवलं? म्हणजे तुम्ही घर घ्यायला — नाही? तिच्या मामांकडचे? मग आल्या आल्या बोलला का नाही — हो. खरंय. मीच बोलू दिलं नाही. ती आहे तोवर घर विकायचं नाही. हे मागणं. अहो, सत्तरीची आहे ती, अजून दात शाबूत आहेत तिचे. तिची आई अठ्ठ्याण्णव वर्षं जगली, मीच केलं तिचं सगळं. मी तोवर —

शब्द दिला मी. अन् तुम्ही प्यायलात.

नाही, तुमच्यावर कशाला रागावू. राहू द्या, कप मी उचलते. वर जा अन् सांगा तिला, मिळालं म्हणावं. उठा आता, अबू हमूद. उठा.