कागदावरचा डावा डोळा

कागद तिच्याकडेच द्या, ती काही विचारत नाही. आमचे बडोबाबू, म्हणजे हेडक्लार्क, सिस्टरला बंगालीत असं म्हणाले ते मी कपाटाआड उभी राहून ऐकलं, आणि काय सांगू तुम्हाला, आधी मला ती स्तुतीच वाटली. मग वाटलं, का बरं म्हणाले असतील. मला असं फार वाटतं. कोणी गोड बोललं की मी आधी मागे वळून बघते.

मी इथलीच, बागबाजारची. आजोबा नोकरीसाठी कलकत्त्याला आले ते परत गेलेच नाहीत, बाबा शाळेत शिकवायचे, मी नन्सच्या शाळेत इंग्रजीतून शिकले, त्यामुळे मराठी घरापुरतं, बंगाली रस्त्यापुरतं, आणि इंग्रजी सगळं कळतं पण बोलायची वेळ आली की घसा कोरडा. टायपिंग शिकले आणि एका मोठ्या इस्पितळात डोळ्यांच्या विभागात रेकॉर्ड क्लार्क म्हणून लागले. मी मराठी, म्हणून बडोबाबू मला बर्गी म्हणायचे, पूर्वी बंगाल लुटायला आलेल्या मराठा स्वारांवरून. बर्गी आली, डबे झाका. सगळे हसायचे, मीही हसायचे.

काम असं, की डॉक्टर केसपेपरवर नुसती अक्षरं लिहायचे आणि आम्ही त्यांचे शब्द करून टाइप करायचं. आणि एकेका अक्षराला किती अर्थ. आर म्हणजे उजवा, पण वॉर्डातल्या तक्त्यावर आर म्हणजे श्वास, औषधाच्या चिठ्ठीवर डोक्याशी आर असला तर त्याचा अर्थ, घ्या. टी म्हणजे डोळ्यातला दाब, चार ओळी खाली तोच टी म्हणजे अंगातला ताप. डीचं तर विचारूच नका, वॉर्डच्या वहीत एका सिस्टरचा डी म्हणजे घरी सोडला आणि दुसरीचा डी म्हणजे वारला. एका आजोबांना मी असंच कागदावर मारलं, दुसऱ्या दिवशी ते विसरलेली छत्री न्यायला आले. तेव्हा मी एकदाच म्हटलं होतं, लिहिणाऱ्यालाच विचारलं तर. बडोबाबू म्हणाले, वरच्यांना विचारायचं नसतं, आपण मूर्ख ठरतो, आजूबाजूचं बघायचं आणि लावायचं. तिथली रीतच ती. तेव्हापासून माझा एकाही अक्षरावर विश्वास उरला नाही. आणि विचारलं मात्र कधीच नाही, तेही खरं.

तर त्या सकाळी माझ्याकडे दिलेला तो कागद मासीमांचा होता. आमच्याच गल्लीतल्या, विधवा, कांथा, म्हणजे गोधड्या, शिवून पोट भरणाऱ्या. एका डोळ्यातला दाब वाढलेला, दुपारी ऑपरेशन, दुसरा डोळा चांगला, त्याच्यावरच त्यांची सुई चालायची. बाहेरून दोन्ही सारखेच दिसायचे. आर होता की एल, त्या जागी शाईचा डाग. शेजारी डॉक्टरांनी दोन वर्तुळं काढलेली, त्यातलं एक काळं केलेलं. बडोबाबूंनी त्यावर बोट ठेवलं, कागदाच्या डाव्या बाजूला आहे ना, मग डावा, टाइप कर. मी केलं. ऑपरेशनची यादी सही होऊन वर थिएटरला गेली.

मग वीज गेली, त्या दिवसांत रोजच जायची, आणि मी केसपेपर घेऊन उजेडाला व्हरांड्यात आले. मासीमा बाकावर होत्या, औषधाने पेंगुळलेल्या, पदराने एक डोळा दाबून. मी समोर उभी राहिले तसा हातातला कागद आणि त्यांचा चेहरा शेजारी शेजारी आले. काळं वर्तुळ आणि पदर एकाच बाजूला, माझ्या डाव्या हाताला. म्हणजे त्यांचा उजवा डोळा. डॉक्टर समोर बसतात आणि समोर दिसतं तसंच काढतात. मी विचारलं, मासीमा, कुठला डोळा. त्या म्हणाल्या, डॉक्टरांना माहीत आहे, पोरी, आणि पुन्हा पेंगल्या.

इतकी वर्षं तिथे काढलेल्या बडोबाबूंना हे माहीत नसेल? की शंका आली होती म्हणूनच कागद माझ्याकडे? कारण यादीच्या खाली टाइप करणाऱ्याच्या नावाची आद्याक्षरं घालायची असतात, आणि ती माझी होती. मी जाऊन बडोबाबूंना सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, यादी गेली, आता काय डॉक्टरांवर स्वारी करणार, बर्गी?

तेवढ्यात वर थिएटरचा जनरेटर सुरू झाला. म्हणजे आता मासीमांना आत घेणार.

पुढचं तुम्ही विचारताच आहात तर सांगते, मासीमा अजून शिवतात, बडोबाबू वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत, आणि त्यांना खरंच माहीत होतं का ते मला आजही कळलेलं नाही. पण मी जिना चढले तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. दारात मासीमांची ढकलगाडी उभी होती, ऑपरेशनसाठी डाव्या डोळ्याच्या पापण्यांचे केस कापून झालेले. मोठे डॉक्टर हात धूत होते, म्हणाले, काय गं, काय पाहिजे. नळ बंद झाला, सगळे माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा मी म्हटलं, डॉक्टर, यादी मी टाइप केली आहे आणि ती चुकीची आहे, यांचा उजवा डोळा आहे, यांना हात लावायच्या आधी तुम्ही उजवा की डावा तो शब्द माझ्यासमोर पूर्ण लिहा.