टॉर्चला मी नावं ठेवत नाही

नाही नाही नाही, टॉर्चला मी नावं ठेवतच नाहीये! टॉर्च उत्तम आहे. एवढासा, मुठीत मावणारा, आत चार-चार सेल, बुडाशी चार्जिंगची सोय, बटण दाबलं की भरदुपार... वाईट काय आहे त्यात? काही नाही! पण तुम्हाला सांगतो, कमी उजेडाचा टॉर्च मागणाऱ्या माणसाकडे हल्ली दुकानदार असा बघतो ना, जसं काही मी न्हाव्याकडे जाऊन केस वाढवून मागतोय!

आता म्हणाल, कमी उजेडाचा टॉर्च कशाला? सांगतो. मी पंपवाला. इमारतींच्या तळघरात पाणी वर चढवणारे पंप असतात, ते बिघडले की मला बोलावतात. तळघरातला दिवा कायम गेलेला असतो, हा नियमच आहे. म्हणजे एक हात पान्यावर, एक हात नटावर, आणि टॉर्च धरायला लागतो तिसरा हात. तो तिसरा हात म्हणजे आमची ही. लग्नानंतर आठव्या दिवशी म्हणाली, "घरात एकटी बसून भिंती किती बघू? मी येते." आली ती आलीच. एकतीस वर्षं!

आणि धरायची कशी? तोंड फिरेल तसा टॉर्च फिरणार! "अहो, ती वरच्या मजल्यावरची..." की उजेड गेला छताला. "अगं, इथे धर!" "ऐका तर, मग तिची सून..." की उजेड गेला दाराकडे. "अगं इथे, इथे, माझ्या हातावर!" "ओरडताय कशाला, धरलाय ना!" कुठे धरलाय, तर माझ्या डोळ्यांवर! पण खरं सांगू का... काम अडलं, वॉशर हातातून पडला, नट घरंगळला, की मी तोंड उघडायच्या आत उजेड तिथे पोचलेला असायचा. उजेड आधी, माझा हात मागून. पंप ती माझ्याइतकेच ओळखते, कदाचित जास्तच.

तर गेल्या वर्षी तो उजेड हलायला लागला. गप्पांनी हलायचा तसा नाही हो... ती गप्प असली तरी. बारीक, थरथर थरथर. मी पंपाखाली आडवा, मान वळवून बघितलं, तर तिचा अंगठा... मी लगेच म्हणालो, "हा टॉर्च मेला लूज झालाय! कॉन्टॅक्ट धड नाही याचा." का म्हणालो? अहो, बाई मानी आहे! आपला हात चालत नाही असं एकदा तिच्या मनानं घेतलं की ती घरी बसणार, आणि मग मी तळघरात कुणाशी बोलू, पंपाशी? म्हणून घातलं सगळं टॉर्चच्या माथ्यावर. रोज! "लूज आहे." "सेल उतरलेत." "स्प्रिंग गंजली." डॉक्टरकडे का नाही नेलं, म्हणता? नेतो म्हटलं की कशासाठी ते सांगावं लागतं!

आणि इथेच माझं शहाणपण माझ्या अंगाशी आलं. एक दिवस ती म्हणाली, "मग नवा घ्या ना! सहा महिने त्या लूज टॉर्चला कवटाळून काय बसलात?" बरोबरच आहे की! वर तिनं यादीच दिली. "लहान घ्या, माझ्या मुठीत बसेल असा. उजेड भरपूर हवा. आणि आतच चार्जिंग असलेला घ्या, सेल बदलताना हल्ली माझ्या हातून सटकतात... ती तुमची गंजकी स्प्रिंग!" बघा! स्प्रिंगवर तीसुद्धा ढकलायला लागली होती.

गेलो दुकानात. तो दुकानदार म्हणजे उत्साहाचा नुसता नळ. "काका, हा बघा! दिसायला एवढासा, पण आत चार सेल! लुमेन बघा, लुमेन!" मारला समोरच्या भिंतीवर. लख्ख गोल. "काठ बघा काका, सुरीनं कापल्यासारखा!" म्हटलं, अरे, तोच तर नको! विचार करा ना तुम्ही... आमचा जुना टॉर्च म्हणजे पिवळा, मळकट उजेड, थरथरला तरी सहज खपून जायचा. आणि हा? हा काठ हलला तर पलीकडच्या फुटपाथवरून दिसेल! जितका उजेड जास्त, तितकी थरथर मोठी. म्हणून भीतभीत विचारलं, "यात जरा मंद आहे का? पसरट? काठ नसलेला?" तर म्हणतो, "मंदच हवा तर काडेपेटी घ्या ना काका!"

टॉर्चला मी नावं ठेवत नाही, त्या दुकानदारालाही नाही, पण मीही काही कमी चिकट नाही. म्हटलं, एकेक लावून बघतो. आता माझा हात पडला पंपवाल्याचा, पकडीसारखा घट्ट! त्यात काय कळणार? म्हणून मग मी... हसू नका हं... मी तिच्यासारखा हात केला. सहा महिने बघत होतो, तंतोतंत जमला. आधी अंगठा, मग मनगट. एक टॉर्च उचल, भिंतीवर मार, थरथर थरथर... नको, फार दिसतं. दुसरा. थरथर थरथर... हाही नको. पाचव्या टॉर्चला दुकानदार काउंटरच्या बाहेर धावत आला! "काका, बसा! आधी बसा! पाणी घ्या! घरी कुणाला फोन करू?" खुर्ची काय, पाणी काय, पंखा काय! मी म्हणतोय, "अरे बाबा, मला काही झालं नाहीये," आणि हात आपला थरथरतोच आहे. थांबवला तरी थांबेना! आणि तिथे, चार गिऱ्हाइकांसमोर, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. सहा महिने कुणाला बोललो नव्हतो हो.

मग तो एकदम हळू आवाजात, अगदी मायेनं म्हणाला, "काका, हा न्या. उजेड पसरट आहे. आणि याच्या बुडाला लोहचुंबक आहे. लोखंडाला चिकटवला की झालं. धरायला कुणी लागतच नाही." धरायला कुणी लागतच नाही! आता त्या भल्या माणसाला काय माहीत, त्यानं कुठे हात घातला ते. म्हटलं, "बिनचुंबकाचा दे." तर म्हणे, पसरट उजेडाचा एवढा एकच आहे. घेतला. रस्ताभर मनाशी घोकत आलो, चुंबकाबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळघर. मी पंपाखाली शिरलो, तिनं बटण दाबलं... काय उजेड पडला हो! काठ नाही, गोल नाही, चारी भिंती न्हाऊन निघाल्या. ती खूश! "अहो, केवढा छान आहे! त्या दिवशी मी काय सांगत होते, ती समोरची..." मी मनात म्हटलं, जिंकलो! आणि मान वळवली. सावल्या! सावल्यांचा विचारच केला नव्हता मी! समोरच्या भिंतीवर पाइपाची सावली, व्हॉल्व्हची सावली, माझ्या टकलाची सावली... सगळ्या थरथरतायत. ती समोरचीचं पुढे काय झालं ते मला अजून कळलेलं नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्या बाईनं वाक्य अर्ध्यात सोडलं.

मी तोंड उघडलं, "हा पण मेला लूज..." "पुरे," ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "सहा महिने त्या बिचाऱ्या टॉर्चला बोल लावलात." मग टॉर्च उलटा केला आणि त्याचं बूड पंपासमोरच्या लोखंडी पाइपाला टेकवलं. टक्क! चुंबकाचं कुणी सांगितलं तिला? कुणी नाही! खोक्यावर चित्र होतं म्हणे. सावल्या जागच्या जागी थांबल्या. "इथेच हवा ना?" तिनं विचारलं. इथेच हवा होता. ज्या नटाला मी हात घालणार होतो, नेमका त्याच्यावर. मग ती बादली उपडी करून तिच्यावर बसली, एक हात दुसऱ्या हाताखाली दाबून. दोन तासांचं काम पाऊण तासात झालं. एकदाही "अगं इथे" म्हणावं लागलं नाही. आवाज फुटू नये म्हणून मी पाना दातांत धरला होता.

तेव्हापासून येत नाही ती. डॉक्टर झाले, गोळ्या चालू आहेत, म्हणाल ते सगळं करते, पण तळघराचं नाव काढू देत नाही. "मी येऊन काय करू? तो चिकटतो ना आपला आपण!" म्हटलं, "अगं, बोलायला तरी ये!" म्हणते, "बोलायला फोन आहे की. करा फोन, मी घरीच आहे."

टॉर्चला मी नावं ठेवत नाही हो! लावला तिथे राहतो, बडबड नाही, डोळ्यांवर मारत नाही, आठ-आठ तास टिकतो... पण पंधरा मिनिटं झाली की मी पाना ठेवतो, अठरा पायऱ्या चढतो, रस्त्यावर उभा राहतो आणि फोन लावतो. "काय करतेस?" "बसलेय. झालं काम?" "नाही." "मग वर कशाला आलात?" "सहज." "जेवलात?" "जेवलो." "मग जा खाली." की परत अठरा पायऱ्या उतरायच्या. परवा एका इमारतीचा मॅनेजर घड्याळ दाखवत म्हणाला, "काका, आधी दोन तासांत व्हायचं तुमचं! आता एवढा भारी टॉर्च आणलात, तरी अख्खा दिवस?" त्याला काय सांगणार... म्हटलं, "साहेब, तळघरात रेंज येत नाही."