अल रय्यानच्या व्हिलातली बियर

मी दत्ता, तासगाव तालुक्यातला. वडील दूध डेरीत कामाला व्हते, घर डेरीच्या मागंच, त्यामुळं ल्हानपनापासनं स्टीलच्या चकचकीत टाक्या बघत वाढलो, आन तिथल्याच वेल्डरच्या हाताखाली राहून आर्गन वेल्डिंग शिकलो. मग एजंटानं इकडं कतारला आनलं. तवापासनं बिरकत अल अवामेरच्या कामगार कॅम्पात ऱ्हातो, हॉटेलांच्या किचनची टेबलं, सिंका, मोठाली पातेली जोडतो. बायको आन लेक गावाकडं. सरळ मानूस मी, ताई, म्हनून तर जे झालं ते अजून खरं वाटत न्हाई.

वर्कशॉपवर आमचा इंजिनेर व्हता, इयन साहेब, स्कॉटलंडचा. लई चांगला मानूस. उन्हाळ्यात बाकीचे साहेब एसीत बसायचे, हा आमच्यात येऊन फतकल मारून जेवायचा, भाकरीचा तुकडा मागून घ्यायचा. तर एका जुम्म्याला, सुट्टीच्या दिवशी, म्हनला, दत्ता, घरी एक ल्हान काम हाय, पातेल्याला खाली तोटी बसवायची. मी म्हनलं, यल्ला साहेब, चला, त्यात काय. मशिन त्याच्या गाडीत टाकलं आन अल रय्यानला त्याच्या व्हिलावर गेलो.

किचनमधी पाऊल टाकलं आन वास आला. काय सांगू तुम्हाला, मी दारातच थबकलो. तो वास मला पाठ हाय. माझी मावशी हातभट्टी लावायची, गूळ-नवसागराचं रसायन परसात पुरून ठेवायची. पोलिसांनी येऊन मडकी फोडली, मावशीला केसाला धरून जीपमधी घातलं, ते मी माझ्या डोळ्यानं बघितलंय. आन हितं कतारमधी, साहेबाच्या घरात, वट्ट्यावर तसंच आंबलेलं रसायन, फक्त काचेच्या बरणीत! आन भवती साहेबाचे तिघं दोस्त हातात पेले घेऊन हुंगत्यात, चव घेत्यात, ह्यात जव जास्त झालं, त्यात कडूपना कमी पडला, अशी वादावादी चाललेली. जशी आपल्याकडं भजनी मंडळात सुरावरनं चालती तशी.

साहेब म्हनला, घाबरू नको दत्ता, हा आमचा क्लब हाय, बियर करायचा. आमच्या देशात गावोगाव असे क्लब हायत. घरी केलेली इकायची न्हाई, तो तिथंबी गुन्हाच, पन प्यायला करायची मुभा हाय. स्पर्धा भरत्यात, आन ज्याची बियर पयली येती त्याला मोठी कंपनी बोलावती, तिच्या लायसनवर, तिच्या कारखान्यात तीच बियर बनती आन दुकानात जाती. मला वाटलं ह्यो माझी चेष्टा करतोय. दारू गाळली म्हनून कंपनी हार घालती? मी म्हनलं, साहेब, आसंल तुमच्या देशात, पन ह्यो कतार हाय, इथं हॉटेलात पितात ती येगळी, घरात गाळली तर खलास. मला माफ करा, मी तोटी लावनार न्हाई. साहेब रागावला न्हाई. म्हनला, ठीक हाय, आन मला परत कॅम्पावर सोडलं.

पुढं उन्हाळा कडक झाला. त्याच्या एका दोस्तानं बाटल्या गाडीत ठेवल्या आन गाडी अल मुंतझामधी दुकानाबाहेर उभी केली. भर दुपारी उन्हानं बाटल्या फुटल्या, गाडीतनं फेस गळाया लागला, वास सुटला, मानसं गोळा झाली, पोलीस आले. तिथनं व्हिलावर. आन दुसऱ्या दिवशी वर्कशॉपवर दोन मानसं आली, साध्या कपड्यात, म्हनली, दत्ता कोन?

मला धरून नेलं, ताई. स्टेशनात हिंदी बोलनारा एक जन बसवला व्हता. तो म्हनला, ह्या गोऱ्यानं सांगितलंय, भांडं ह्या इंडियन वेल्डरनं बनवलं. तो बाटल्यावाला दोस्त, स्वतःवरचं ढकलायला माझं नाव घेतलेलं त्यानं! समोर पातेलं, त्याला तोटी. मी कितीबी न्हाई म्हनलं तरी कोन ऐकनार? डोळ्यासमोर लेक दिसाया लागली.

मग इयन साहेबाला आनलं. दाढी वाढलेली, नजर खाली. त्याला एक शब्द बोलायची गरज नव्हती, गप राहिला असता तर माझ्या गळ्यात पडलं असतं आन त्याचं ओझं थोडं कमी झालं असतं. पन तो सरळ म्हनला, तोटी मीच लावली. हा आला व्हता, मी बोलावलं म्हनून, पन वास घेतला आन न्हाई म्हनला. ह्याला सोडा.

मला सोडलं. त्याला न्हाई. काही दिवस आत ठेवला आन मग परत त्याच्या देशात धाडला. मला निरोप घेता आला न्हाई.

परवा त्याचा व्हिडिओ कॉल आला. बघतो तर काय, साहेब भल्यामोठ्या कारखान्यात उभा, मागं छताला लागलेल्या स्टीलच्या टाक्या, आन तिथल्या क्लबातली मानसं टाळ्या वाजवत्यात. त्याची बियर पयली आलेली! कंपनी खरंच बनवत व्हती! जे केलं म्हनून इथनं हाकलला, तेच केलं म्हनून तिथं टाळ्या?

आन वर काय म्हनतो, दत्ता, कंपनीनं नाव ठेवायचा मान मला दिलाय, मी तुझं नाव दिलंय, बाटलीवर मोठ्या अक्षरात दत्ता.

मी वरडलोच. साहेब, काय केलंत हे! ते माझं नाव न्हाई, ते देवाचं नाव हाय, मी नुसता वापरतोय! त्याचा चेहरा पांढराफटक पडला. म्हनला, मला ठाऊक नव्हतं रे, आन तसाच फोन हातात घेऊन पळत सुटला, त्यांच्या मॅनेजरला गाठला, छपाई थांबवा म्हनला. थांबवली. मग माझ्याकडं बघून हात जोडले. कुनी शिकवलं असंल त्याला?

बायकोला सांगितलं तर ती कपाळाला हात लावून बसली. म्हनली, दारूच्या बाटलीला दत्ता? आन थोड्या येळानं हळूच म्हनली, पन त्या मानसानं तुम्हाला वाचवलं, न्हाई का.

बियरचं दुसरं नाव काय ठेवलं, मी इचारलं न्हाई. त्याचं त्याला लखलाभ. सुखात राहू दे त्याला. त्यानं तिथं खरं सांगितलं म्हनून मी आज तुमच्यासमोर बसून चहा पितोय, ताई. घ्या, तुमचा निवला.